क्रिस्टल परत पाठवण्याआधी एवढं वाचा

मँगनीज बिस्मथ टेल्युराइड या चुंबकीय गुणाच्या क्रिस्टलचा माल आमच्याकडून नेणाऱ्यांची नेहमीची तक्रार : ‘लोहचुंबक लावून पाहिला, चिकटत नाही. माल अस्सल आहे ना?’ अस्सलच आहे. खोलीच्या तापमानाला तो चिकटणार नाही आणि थंड केलात तरी नाही. यात सात-सात अणुथरांचे पापुद्रे असतात, मधला थर मँगनीजचा. एका पापुद्र्यातले स्पिन (अणूंचे इवलेसे चुंबक म्हणा) सगळे एका दिशेला, शेजारच्यातले बरोबर उलट. बेरीज शून्य. आणि ही शिस्तही लागते ती साधारण २५ केल्विनच्या खाली.

वेळ वाया जातो तो इथेच. लिक्विड नायट्रोजन स्वस्त पडतो, मान्य, पण तो ७७ केल्विनवर थांबतो. तिथे तुम्ही मोजता तो साधा टोपोलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे आतून वीज अडवणारा पण पृष्ठभागावर वाहू देणारा पदार्थ : पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनच्या अवस्था आहेत, गॅप (इलेक्ट्रॉनला मनाई असलेली ऊर्जेची फट) नाही. हीलियमने २५ केल्विनखाली गेलात की वरच्या पापुद्र्यातले स्पिन पृष्ठभागाला काटकोनात उभे राहतात, टाइम रिव्हर्सल सममिती (काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच राहणं) मोडते आणि डिराक बिंदूपाशी, म्हणजे पृष्ठभागावरच्या अवस्थांचे दोन पट्टे जिथे एकमेकांना भेटतात तिथे, गॅप पडायला हवा. तोही टेपने सोललेल्या सपाट बाजूवर. कडेच्या बाजूवर उलटसुलट पापुद्रे आलटून-पालटून येतात. स्पिन उलटवून एक पापुद्रा सरकलं की सगळं पुन्हा जुळतं, म्हणून तिथे गॅप शोधू नका.

‘पडायला हवा’ हे मुद्दाम लिहिलंय. थंड करूनही गॅप जवळजवळ दिसला नाही, असं २०१९ पासून नावाजलेल्या प्रयोगशाळांनीही छापलं आहे. मँगनीज आणि बिस्मथ एकमेकांच्या जागी बसतात, त्याचा यात हात असावा असं बरेच जण मानतात. त्यामुळे गॅप दिसला नाही एवढ्यावर आम्ही माल परत घेत नाही. ससेप्टिबिलिटीचा (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती दाद देतो त्याचा) ग्राफ २५ केल्विनच्या आसपास वळला नाही, तर मात्र बिनतक्रार घेतो. वळण १३ केल्विनपाशी आलं तर मध्ये बिस्मथ टेल्युराइडचे जादा थर घुसलेत, ती आमची चूक. म्हणूनच प्रत्येक बॅचचा ग्राफ पाकिटात असतो. किंमत चार पैसे जास्त वाटते ती यामुळेच.

आणखी एक. ‘जरा शुद्ध होईल’ म्हणून क्रिस्टल पुन्हा भट्टीत घालू नका. तो विघटित होतो.

२०२० मध्ये पाच पापुद्र्यांच्या तुकड्यात, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र न लावता, १.४ केल्विनला क्वांटम ॲनॉमलस हॉल परिणाम (पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे वीज फक्त कडेने, विनाअडथळा वाहणं) दिसला. तसं काही करायचं असेल तर पापुद्र्यांची संख्या विषम लागते आणि मोठे, सपाट तुकडे हवेत. ते वेगळे काढून ठेवतो, ऑर्डरमध्ये तसं लिहा. नेहमीच्या मालात इलेक्ट्रॉन जास्त असतात. ते कमी हवे असतील तर अँटिमनी मिसळलेली बॅचही मिळेल.