'काकाजी, सांगा बरं मी कोण?'

मेंदूच्या ऑपरेशननंतर किंवा इजेनंतर माणूस घरी आला की भेटायला येणारे खुर्ची ओढून बसतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "काकाजी, सांगा बरं मी कोण?" नागपुरात हा मायेचा प्रश्न. पण ज्याचा हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी गेला आहे, त्याचं या प्रश्नाने नुकसान होतं.

हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना असलेली करंगळीएवढी वळणदार पट्टी. नव्या आठवणी साठवण्याचं तिचं काम कळलं ते एका फसलेल्या ऑपरेशनमुळे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी फिट थांबाव्यात म्हणून हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या कवटीला डोळ्यांच्या वर दोन छिद्रं पाडली आणि दोन्हीकडचा हा भाग नळीने शोषून काढला. फिट खूप कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली. पण १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी तपासलं तेव्हा तो तारीख सांगत होता मार्च १९५३ आणि वय २७.

सगळी स्मृती गेली नव्हती, हेच मोलाचं. ५८४ हा आकडा त्याने १५ मिनिटं धरून ठेवला, तो सतत बेरजा-वजाबाक्या करत. लक्ष दुसरीकडे वळवलं, आणि कुठला आकडा होता हे तर सोडाच, आकडा दिला होता हेही त्याला आठवेना. मग मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. पहिल्या दिवशी पेन्सिल कोपऱ्याकोपऱ्यावर भरकटली. तिसऱ्या दिवशी हात जवळपास बिनचूक चालला, पण हे आपण आधी केलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. हाताची सवय वेगळ्या यंत्रणेत बसते. तिला हिप्पोकॅम्पस लागत नाही.

नागपुरात आणून बघा. समजा, इतवारीतल्या एका माणसाला २०१० साली अशी इजा झाली. गांधीबागेवरून बर्डीला कसं जायचं, हे तो आजही सांगेल. स्कूटरची किक, क्लच सगळं हातापायांत असेल (म्हणून गाडी द्यायची नाही!). वर्धा रोडवर डोक्यावरून धावणारी मेट्रो मात्र २०१९ ची. ती त्याला दर वेळी नवी. काटेकोर बोलायचं तर हे थोडं जास्त झालं. ऑपरेशननंतर मोलेसन ज्या घरात राहायला गेला, त्याचा नकाशा त्याने बऱ्याच वर्षांनी काढून दाखवला होता. रोजच्या हजारो फेऱ्यांनी थोडंफार झिरपतं.

आता हिप्पोकॅम्पस दोन्हीकडून काढत नाहीत, काढायचाच तर एकाच बाजूचा. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसात देऊनही फिट थांबत नसतील, तर ऑपरेशनसाठी तपासणी होते. त्यात स्मृतीची एक साधी चाचणी असते. 'ढोल, पडदा, घंटा' असे १५ शब्द पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी किती आठवले ते मोजतात. मग दुसरे १५ शब्द मध्ये घालून पहिले विचारतात, आणि २०-३० मिनिटांनी पुन्हा. लगेच म्हणता येतं पण अर्ध्या तासाने पाटी कोरी, तर शंका हिप्पोकॅम्पसवर. बहुतेकांत भाषा डाव्या मेंदूत असते, म्हणून तिकडे कापलं की शब्द आणि नावं अडखळतात. घरच्यांना उलटं वाटेल, पण एमआरआयमध्ये आकसलेला, आधीच निकामी हिप्पोकॅम्पस काढला तर तोटा कमी. निरोगी दिसणारा आणि चाचणीत चांगले गुण मिळवणारा काढला तर जास्त.

आता काकाजींकडे परत. अंदाजाने त्यांनी "सुरेश?" म्हटलं आणि तुम्ही "नाही, रमेश" म्हणालात. तुम्ही-आम्ही 'मघाशी चुकलो' हे लक्षात ठेवतो आणि चूक गाळतो. त्यांच्याकडे तो 'मघाशी'च नाही. सवयीची यंत्रणा मात्र चालू आहे, आणि तिच्यात 'सुरेश' बसला. पुढच्या वेळी जिभेवर तोच येणार. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी प्रयोगाने दाखवलं, की अंदाज करू न देता शिकवलं तर विस्मरणाचे रुग्ण जास्त शिकतात.

म्हणून आल्या आल्या स्वतःच सांगा, "काकाजी, मी रमेश, तुमच्या बहिणीचा." शिकवायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट घ्या. "गोळ्यांचा डबा देवघराखालच्या फळीवर." लगेच विचारा, "डबा कुठे?" मग १५ सेकंदांनी, ३० सेकंदांनी, १ मिनिटाने, २ मिनिटांनी, मधल्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा. अडखळले की ताटकळत ठेवू नका, उत्तर सांगून टाका, त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि जे अंतर जमलं होतं त्यावर परत या. आणि डबा फळीवरून हलवू नका. पाहुणे आले म्हणून आवरताना तो कपाटात गेला, तर त्यांचा हात जाणार फळीकडेच.