सोसायट्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी तुमच्या ठिबकसाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, बेबी कालव्यात येणारे पुण्याचे शुद्ध केलेले सांडपाणी हवेली-दौंडला नवे नाही. कालवा जिथे पोचत नाही, तिथल्या एक-दोन एकरवाल्यांना आम्ही टँकरने पाणी पुरवतो. ते वाघोली-खराडीच्या सोसायट्यांचे, संडासाचेसुद्धा. तिथल्या प्रक्रिया केंद्रात जिवाणू त्यातली घाण कुजवतात, मग पाणी गाळून क्लोरीन देतात. तरीही ते माणसांना किंवा जनावरांना पाजू नका आणि विहिरीत सोडू नका.

दहा हजार लिटरचा टँकर एकरभर पसरला तर जेमतेम अडीच मिलिमीटर पाणी होते. पाटाने द्यायला आमचे पाणी घेऊच नका, पैसे वाया जातील. ठिबकवर मात्र 15 बाय 10 फुटांवरच्या एकरभर डाळिंबाला, म्हणजे सुमारे 290 झाडांना, त्यातून झाडामागे 34 लिटर मिळतात.

वासाची चौकशी सगळे करतात. आम्हाला जास्त काळजी क्षारांची वाटते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारी यंत्रे, असतात. ते धुतलेले मिठाचे पाणी सांडपाण्यात मिसळले, तर सोडियम वाढतो. काळ्या रानात तो साठला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. म्हणून पाण्याच्या तपासणी अहवालात क्षारतेचा आकडा, म्हणजे ईसी, आधी बघा. 0.7 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत निर्धास्त द्या. 0.7 ते 3 असेल तर पीक आणि निचरा बघून द्या. कांदा, घेवडा लवकर मार खातात. 3 च्या वरचे पाणी आम्ही भरतच नाही. सोडियमचा आकडाही अहवालात असतो. तो माती परीक्षणाच्या कागदासोबत सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या कृषी सहायकांना) दाखवा.

पाण्यात नत्र असते. लिटरला 20 मिलिग्रॅम असेल तर लाख लिटरमागे 2 किलो, म्हणजे सव्वाचार किलो युरियाइतके. तेवढा युरिया कमी करा, नाहीतर फळबाग नुसती पाल्यावर जाते.

ऊस, डाळिंब, फुले, चारा यांना हे पाणी चालते. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशा कच्च्या खायच्या मालासाठी मागितले तरी आम्ही देणार नाही.

शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर हवे. शेवाळ धरते, तेव्हा डिस्क फिल्टर वरचेवर धुवा आणि लॅटरलची टोके सोडून नळ्या साफ करा. पहिल्या टँकरसोबत तपासणी अहवालाची प्रत चालकाकडून मागून घ्या. ती मिळाली नाही तर टँकर रिकामा करून घेऊ नका.