नवअभिजात भित्तिदीप (कोरीव, सोनेरी मुलाम्याचे)

भिंतीवर बसविण्याचे मेणबत्त्यांचे लाकडी दिवे. नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन कलेपासून स्फूर्ती घेतलेल्या) शैलीतील हे दिवे यूरोपात साधारणपणे १७६० ते १८३० या काळात तयार झाले. ते बहुधा जोडीने, आरशाच्या वा शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लावीत. फ्रान्समध्ये मुलाम्याच्या ब्राँझला अधिक पसंती होती. लाकडी दिवे इंग्लंड व इटलीत विशेष आढळतात.

या शैलीचा उगम इटलीतील हर्क्युलेनियम (१७३८) व पॉम्पेई (१७४८) या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन नगरांतील उत्खननांशी जोडण्याची प्रथा आहे. कलश, मेंढ्याची शिरे, लॉरेलच्या माळा, अकँथस या काटेरी वनस्पतीची पाने या अलंकरणापुरती ती मान्य करता येते. दिव्याचा घाट मात्र तेथून आलेला नाही : रोमन घरांत मुख्यतः तेलाचे दिवे असत, आणि मागची पाटी व तिच्यातून निघणाऱ्या वाकड्या भुजा ही रचना त्याआधीच्या बरोक व रोकोको या अलंकारप्रचुर शैलींच्या काळातच रूढ झाली होती. रोकोकोची एका अंगाला झुकणारी वेलबुट्टी जाऊन तिच्या जागी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी मांडणी आली, हाच खरा पालट. इंग्लंडमध्ये त्याचे श्रेय वास्तुशिल्पी रॉबर्ट ॲडम (१७२८–९२) याला देतात. तो १७५८ मध्ये इटलीहून परतला. परंतु पॅरिसमध्येही ‘ग्रीक अभिरुची’ त्याच सुमारास मूळ धरीत होती, त्यामुळे दोन समांतर प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ॲडमच्या आराखड्यांतील नाजूक माळा नुसत्या लाकडात टिकणे अवघड असल्याने त्या पुष्कळदा तारेच्या आधारावर, खडूची पूड, सरस, राळ व जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून करीत; अशा दिव्यांना सरसकट ‘कोरीव’ म्हणणे तितकेसे अचूक नाही.

मुलाम्यासाठी कोरीव लाकडाला प्रथम सरस लावून त्यावर गेसोचे (सरसात कालविलेल्या पांढऱ्या लेपाचे) अनेक हात देत. गेसोत इंग्लंडमध्ये खडू, तर इटलीत जिप्सम वापरीत. या थरांनी कोरीवकामाच्या रेषा बुजत, म्हणून त्या गेसोतच पुन्हा कोराव्या लागत. त्यावर बहुधा तांबड्या मातीचा (बोल) हात देऊन, पृष्ठभाग ओला करून वर्ख ठेवीत आणि सुकत आल्यावर उठावाचे भाग अकीकाने घोटीत. खोलगट भाग मंद ठेवीत. पाण्याऐवजी चिकट तेलाच्या थरावर चढविलेला वर्ख असा घोटता येत नाही. इटलीत सोन्याऐवजी चांदीच्या वर्खावर पिवळसर रोगण देण्याचीही रीत होती. तिला ‘मेक्का’ म्हणतात. गोव्यातील चर्चच्या वेद्यांवरील सोनेरी लाकूडकाम मराठी वाचकांच्या परिचयाचे असले, तरी ते बव्हंशी बरोक वळणाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शैलीचे पुनरुज्जीवन झाल्याने केवळ नक्षीवरून काळ ठरविणे धोक्याचे ठरते. फितीच्या गाठीसारख्या उंच कडांवर वर्ख झिजून खालची तांबडी माती दिसणे, पाठीमागे मुलामा नसलेल्या लाकडावर पटाशीच्या खुणा असणे ही अनुकूल चिन्हे होत, निर्णायक नव्हेत. वर्खाऐवजी लावलेला, तपकिरी पडलेला सोनेरी रंग बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा असतो. वीजतारेसाठी पाडलेले भोक मात्र नकलेचे लक्षण नव्हे. अस्सल जुन्या दिव्यांतही ते मागाहून पाडलेले आढळते.