शंभर टक्के मतदानाचं गाव: टक्का आणि कल कसा वाचायचा?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ डिक्सव्हिल नॉच नावाची डोंगरातली वस्ती आहे. १९६० पासून अध्यक्षपदाचं मतदान इथे रात्री बाराच्या ठोक्याला सुरू होतं आणि काही मिनिटांत संपतंही. यादीतल्या प्रत्येकाचं मत पेटीत पडलं की केंद्र बंद करून तिथल्या तिथे मोजणी करायला राज्याचा कायदा मुभा देतो. २०२० मध्ये पाच मतं पडली, पाचही बायडन यांना. २०२४ मध्ये सहा पडली: तीन हॅरिस, तीन ट्रम्प.

पाचपैकी पाच म्हणजे गाव एका बाजूला झुकलेलं, असं चटकन वाटतं. पण पाच जणांनी नाणं उडवून मत ठरवलं असतं, तरी सगळी मतं एकाच बाजूला पडण्याची शक्यता १६ त १ आहे. सहा जणांत ३-३ अशी बरोबरी होण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या थोड्या मतांवरून राज्याचा अंदाज बांधता येत नाही, आणि शेजारचाही नाही. २०२० मध्ये ही वस्ती ज्या कोअस काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे, तिथे ट्रम्प पुढे होते आणि पूर्ण राज्यात बायडन.

खरी गंमत वर्षावर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. २००० साली इथे २७ मतं होती, त्यांतली २१ बुश यांची. २००८ मध्ये २१ मतांपैकी १५ ओबामांना. २०१२ मध्ये मतं उरली दहा, पाच-पाच. वस्तीचा जीव होता बाल्सम्स हे मोठं हॉटेल, आणि ते २०११ मध्ये बंद पडलं. कामाची माणसं पांगली, यादी आक्रसली. म्हणून ‘गावाचं मत बदललं’ म्हणण्याआधी ‘गावातली माणसं तीच राहिली का?’ हे विचारावं लागतं. छोट्या गावात एक कारखाना किंवा एक शाळा बंद झाली तरी कल हलतो, एकाही माणसाने पक्ष न बदलता.

आता मतदानाचा टक्का. आपल्याकडे निवडणूक आयोग मतदारयादीतल्या नावांवर टक्का काढतो. अमेरिकेत छेदस्थानी तीन वेगळे आकडे येऊ शकतात, आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात. समजा, गावात २,००० प्रौढ आहेत. त्यांत ३०० जण तिथल्या तुरुंगातले कैदी, १०० जण अमेरिकेचे नागरिक नाहीत. उरले १,६०० पात्र. यादीत नावं १,५००, मतं पडली १,२००. प्रौढांवर काढा, ६० टक्के. पात्रांवर ७५. यादीवर ८०. तिन्ही हिशेब बरोबर, प्रश्न वेगवेगळे.

तुरुंगाचं उदाहरण कल्पनेतलं वाटेल, पण आयोवा राज्यातल्या अॅनामोसा शहरात त्याने कहर केला होता. जनगणना कैद्यांना तुरुंग असलेल्या गावातच मोजते, आणि प्रभाग लोकसंख्येवर आखले जातात. दुसऱ्या प्रभागाच्या सुमारे १,४०० लोकसंख्येत १,३०० हून अधिक कैदी होते, ज्यांना मताचा अधिकार नव्हता. २००५ मध्ये तिथला नगरसेवक दोन मतांवर निवडून आला, तीही मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून दिलेली. पुढे शहराने ही प्रभागपद्धतच सोडून दिली.

यादीही सरळ नसते. न्यू हॅम्पशायरमध्ये मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येतं. सकाळची यादी छेदात धरली, तर टक्का फुगतो आणि छोट्या गावात शंभराच्या वरही जाऊ शकतो. त्यात घोटाळा नाही, छेद शिळा आहे. उलट बऱ्याच राज्यांत गाव सोडून गेलेल्याचं नाव लगेच कमी होत नाही. १९९३ च्या केंद्रीय कायद्यानुसार आधी नोटीस पाठवावी लागते. तिला उत्तर आलं नाही, तर दोन केंद्रीय सार्वत्रिक निवडणुका जाऊ द्याव्या लागतात. तोवर टक्का उगाच कमी दिसतो.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत यादीत नाव नोंदवताना मतदार आपला पक्षही सांगतो. कल शोधताना या नोंदणीतल्या पक्षावर विसंबू नये. विस्कॉन्सिन, मिनेसोटासारख्या राज्यांत मतदार पक्ष नोंदवतच नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये ‘अघोषित’, म्हणजे पक्ष न सांगितलेल्या मतदारांचा गट मोठा आहे; पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत ते कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका घेतात आणि मत देऊन पुन्हा अघोषित होऊ शकतात. मग उरतात केंद्रावरचे निकाल. तिथला खड्डा समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवला. अमेरिकेच्या ज्या भागांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती; पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता अधिक होती. ते लोक साक्षर भागांत जाऊन राहिले होते, एवढंच. म्हणून वयस्कर वस्तीच्या गावात एखादा पक्ष जिंकला, तर त्याला वयस्करांनीच मतं दिली असं त्या निकालावरून म्हणता येत नाही.

एखाद्या गावाचा हिशेब स्वतः करायचा असेल, तर टाउन क्लार्ककडून (गावाच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी) तीन आकडे वेगवेगळे घ्यावेत: सकाळची यादी, त्या दिवशीच्या नव्या नोंदी आणि पेटीतल्या एकूण मतपत्रिका. अध्यक्षपदाच्या मतांची बेरीज एकूण मतपत्रिकांच्या जागी धरू नये, कारण काही जण तो रकाना कोरा सोडतात. आणि नोव्हेंबरमधल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या टक्क्याशी मार्चमधल्या गावच्या निवडणुकीचा टक्का जोडू नये. त्या दिवशी केंद्रावर येणारी माणसं बरीच थोडी असतात, आणि वेगळीही.