सुपरनोव्हांच्या कसोटीवर पर्यायी विश्वप्रतिमाने : पार्श्वभूमी

पाऊस सरून आभाळ मोकळं झालं, की कोकणात आकाशदर्शनाच्या रात्री भरू लागतात. (पश्चिम क्षितिज एलईडी मासेमारीच्या बोटींनी उजळलेलं असतं, ते सोडा.) महास्फोट न मानणाऱ्यांचं पुढे काय झालं, असं तिथे कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा, कारण पर्यायी विचाराचं एक ठाणं पुण्यातच, जयंत नारळीकरांच्या ‘आयुका’त होतं.

१९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत (विश्वाला आरंभच नाही असं मानणारा) १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळीकडून येणारं क्षीण प्रारण, सापडल्यावर मागे पडला. १९९३ मध्ये तो ‘क्वासी-स्टेडी-स्टेट’ या नव्या रूपात आला: विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत राहतं आणि त्यातच सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलनं चालतात.

१९९८ मध्ये दोन गटांना दूरचे प्रकार १अ सुपरनोव्हा (जवळपास ठरावीक तेजाचे तारास्फोट) अपेक्षेपेक्षा सुमारे पाव प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) मंद आढळले. निष्कर्ष निघाला, प्रसरणाचा वेग वाढतोय. पण देवगडच्या किनाऱ्यावरून बोटीचा दिवा मंदावलेला दिसला, तर बोट लांब गेली की मधे धुकं दाटलं, हे नुसत्या मंदपणावरून कसं ठरवणार? नेहमीची धूळ प्रकाश तांबूस करते, त्यामुळे वेगवेगळ्या फिल्टरमधून पाहिलं की पकडली जाते. पर्यायवाल्यांची धूळ निराळी होती. सुपरनोव्हांतून बाहेर पडलेल्या धातूच्या वाफेपासून बनलेल्या, साधारण मिलिमीटरभर लांबीच्या अतिसूक्ष्म सुया. त्या सगळे रंग जवळपास सारखेच शोषतात. शिवाय ही कल्पना ऐनवेळी काढलेली नव्हती. पार्श्वप्रारणाच्या स्पष्टीकरणासाठी ती आधीपासून मांडलेली होती, हे टीकाकार सोयीने विसरतात. २००१ मध्ये १.७ च्या आसपास ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप; जितकी जास्त तितकं अंतर जास्त) असलेल्या एका सुपरनोव्हाचं विश्लेषण आलं. साध्या करड्या धुळीच्या हिशेबापेक्षा तो उजळ निघाला आणि बहुतेकांनी धुळीचा विषय मिटवला. २००२ मध्ये सुयांची धूळ धरून सुपरनोव्हांचे आकडे बसवून दाखवणारा शोधनिबंध आला, पण तोवर ऐकणारे पांगले होते.

‘थकलेल्या प्रकाशा’चं, म्हणजे विश्व प्रसरण पावत नाही, प्रकाशच वाटेत ऊर्जा गमावतो या दुसऱ्या पर्यायाचं, तसं नव्हतं. ०.५ ताम्रसृतीच्या सुपरनोव्हाचा उजेड दीडपट सावकाश ओसरतो. विश्व प्रसरण पावत नसेल तर हे घडायला नको. तो पर्याय तिथेच संपला.

पुढे याद्या वाढल्या, २०२२ च्या यादीत १,५५० सुपरनोव्हा आहेत. जुन्या याद्यांबद्दलची एक तक्रार मात्र रास्त आहे. २००६ च्या सुमारास सुपरनोव्हांच्या तेजातली अंगभूत तफावत अशी धरली गेली, की प्रमाण प्रतिमान (महास्फोटाचं सर्वमान्य प्रतिमान) नेमकं बसावं. मग ते उत्तम बसतं, यात नवल काय? अशा यादीवर दोन प्रतिमानांची आपसांत तुलना होते, एकट्याची परीक्षा होत नाही.

२०२५ मध्ये दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून कृष्ण ऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी मानली जाणारी ऊर्जा) काळानुसार बदलत असल्याचा संकेत मिळाला. पण सोबत सुपरनोव्हांची कोणती यादी जोडली, त्यावर त्याचं बळ तेव्हा २.८ ते ४.२ सिग्मा (संकेत निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप) असं हलत होतं.