पूर्णांकेतर पाया, अंकनियम आणि मिती

एखाद्या पायात (नेहमीच्या दशमान लेखनात पाया दहा) संख्या लिहिताना काही अंक किंवा अंकांचे काही क्रम वर्ज्य केले, तर उरलेल्या संख्या रेषेवर किती दाट पसरतात, याचे माप म्हणजे त्या संचाची फ्रॅक्टल मिती. लांबी मोजून येथे काही हाती लागत नाही, ती बहुधा शून्य भरते. म्हणून फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी १९१८ मध्ये मांडलेली, अपूर्णांकातही येऊ शकणारी मिती वापरतात. तीनच्या पायात १ हा अंक गाळला की कँटरचा संच मिळतो. त्याची मिती लॉग २ भागिले लॉग ३, म्हणजे सुमारे ०.६३.

पाया पूर्णांकच हवा असे नाही. आल्फ्रेद रेन्यी यांनी १९५७ मध्ये १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या पाया म्हणून घेतली. रीत अधाशी, दर पायरीला बसेल तो मोठ्यात मोठा अंक उचलायचा. पाया सुवर्ण गुणोत्तर (१.६१८…) असेल तर ० आणि १ एवढ्यावर भागते. त्या पायात ०११ आणि १०० यांची किंमत एकच, म्हणून अधाशी रीतीत दोन १ शेजारी येत नाहीत.

आता नियम आणखी कडक करू. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर असते: भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. भोक म्हणजे १, कोरी जागा ०. अट अशी की दोन भोकांमध्ये निदान दोन जागा कोऱ्या हव्यात. (अशा कार्डावरची चादर सोलापूरच्या पूर्व भागातला कोणताही विणकर नापास करील, पण हिशेबाला बरी.) एक, दोन, तीन अशा जागा वाढवत गेल्यास चालणाऱ्या पट्ट्या २, ३, ४, ६, ९, १३ भरतात, सहा जागांच्या ६४ पैकी तेराच. प्रत्येक संख्या म्हणजे लगतची मागली आणि मागली तिसरी यांची बेरीज, १३ = ९ + ४. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’तले (१३५६) गाईंचे गणित हेच: गाय दरवर्षी विते, कालवड चौथ्या वर्षापासून. वाढीचा गुणक १.४६५६ कडे जातो. त्याचा लॉग पायाच्या, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराच्या, लॉगने भागला की मिती सुमारे ०.७९४.

हा भागाकार डोळे झाकून करू नये. १.५ च्या पायात ० आणि १ चे सगळे क्रम मोकळे सोडले तर उत्तर १.७१ येते, आणि रेषेची स्वतःचीच मिती १! चूक मोजणीत: एकच संख्या अनेक क्रमांनी लिहिली जाते आणि आपण तिला पुन्हापुन्हा मोजतो.

म्हणून ० आणि १ वापरून एकाच प्रकारे लिहिता येणाऱ्या संख्या वेगळ्या अभ्यासतात. पाया सुवर्ण गुणोत्तरापर्यंत असेल तर अशा संख्या दोनच, टोकांच्या: सगळे ० आणि सगळे १. पुढे १.७८७२३… पर्यंत त्या अनंत पण गणनीय, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी अशी यादी करता येणाऱ्या. या सीमेला कोमोर्निक–लोरेती स्थिरांक (१९९८) म्हणतात. १ ही संख्या एकाच प्रकारे लिहिता येईल असा हा सर्वांत लहान पाया. सीमेपलीकडे मिती शून्याहून मोठी होते, हे ग्लेंडिनिंग व सिदोरोव्ह यांनी २००१ मध्ये दाखवले. नेमक्या सीमेवर मात्र संच अगणनीय असूनही त्याची मिती शून्यच.