रेडिएटरचं तुटलेलं नळकांडं ग्लूने कायमचं जुळत नाही

गाडीच्या रेडिएटरला होजपाइप लागतो ते प्लॅस्टिकचं नळकांडं तुटलं की कोणीतरी सांगतंच, इन्स्टंट ग्लू लाव, वर खायचा सोडा टाक, दगड होतो, परत बघायला नको. दगड होतो हे खरंय, काही सेकंदात होतो, पण पुढचं खोटं आहे.

हे नळकांडं ज्या प्लॅस्टिकच्या टाकीचा भाग असतं, रेडिएटरच्या त्या टाकीवर नीट बघा, बारीक अक्षरात पीए ६६ जीएफ ३० असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं नायलॉन. त्यावर ग्लूचा जोड कायमचा टिकेल असा भरवसा नाही. त्यात इंजिन तापलं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ९०-१०० डिग्रीला, रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ लिहिलेलं असतं तेवढा बार दाब, आणि साधा ग्लू ८० च्या पुढे ढिला पडायला लागतो, वर गरम पाणी त्याला आतून खातं ते वेगळंच. इपॉक्सी जरा जास्त टिकते इतकंच. माझं घाटात सुटलं, बोनेटमधून वाफ आणि काटा लालमध्ये, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागातलं सील) गेलं असतं तर खर्च कुठच्या कुठे गेला असता.

नळकांड्याचा बुडखा शिल्लक असेल तर आत घट्ट बसणारा पितळी पाइपचा तुकडा घालून त्यावर होज चढवून वरून क्लिप आवळा, गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. पक्कं काम म्हणजे टाकीच बदलणं, ती अॅल्युमिनियमच्या कोअरवर (मधल्या जाळीवर) पाकळ्या वाकवून बसवलेली असते, रेडिएटरवाले त्या उघडून नवीन टाकी आणि रबर गॅस्केट टाकतात. आणि प्लीज, गरम असताना कॅप उघडू नका.